तूट, लूट आणि तिसरा रकाना : लेखाधिकारी सरांना उत्तर

सर, नमस्कार.

तुम्ही नाव दिलं नाहीत, माझ्या लेखावरच्या प्रतिक्रियेखाली ‘एक निवृत्त लेखाधिकारी’ एवढीच सही केलीत, म्हणून ‘सर’ म्हणते. विद्यापीठात कक्ष अधिकाऱ्यापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना सर म्हणायची सवय लागते, ती अधिसभेची, म्हणजे विद्यापीठाच्या अर्थसंकल्पावर चर्चा करणाऱ्या सिनेटची, माझी सदस्यत्वाची मुदत संपली तरी जात नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. मार्चमधल्या अधिसभेच्या बैठकीवर मी लिहिलं होतं. आमच्या विद्यापीठानं यंदाही तुटीचा अर्थसंकल्प मांडला, तुटीचं कारण देऊन परीक्षा शुल्क वाढवलं आणि त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर मुदत ठेवींची लांबलचक यादी छापली. मी त्याला ‘लूट’ म्हटलं. त्यावर सरांचं म्हणणं थोडक्यात असं : ठेवी म्हणजे गल्ल्यातले सुटे पैसे नव्हेत. प्राध्यापकांची पदं भरणं कुलगुरूंच्या हातात नसतं, विद्यापीठ कायद्याचं कलम ८ वाचा. विद्यापीठात प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो कारण प्रक्रिया असते. आणि एक टर्म अधिसभेत बसल्यानं कोणी अर्थतज्ज्ञ होत नाही.

शेवटचं वाक्य खरं आहे. मी समाजशास्त्र शिकवत होते. पुढे जाऊ.

ठेवींच्या बाबतीत तुम्ही मला पकडलंत, आणि बरोबर पकडलंत. ती यादी मी तुमच्या प्रतिक्रियेनंतर पुन्हा काढून बसले. कुणी आईच्या स्मरणार्थ दिलेली पारितोषिकाची रक्कम, जिच्या मुद्दलाला हात लावता येत नाही, फक्त व्याजातून पदक द्यायचं. कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी. ठेकेदारांची अनामत. मुलांची ग्रंथालयाची अनामत, जी परत न्यायला निम्मी मुलं येतच नाहीत, पण म्हणून ती विद्यापीठाची होत नाही. उच्च शिक्षणासाठीच्या रूसासारख्या सरकारी योजनांचा न खर्चलेला पैसा. ज्या कामासाठी पैसा आला त्याखेरीज दुसरीकडे तो शासनाच्या परवानगीशिवाय वळवता येत नाही, हेही त्याच कलम ८ मध्ये आहे. विद्यापीठ निधीतून पगार घेणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या उपदानाची (ग्रॅच्युइटीची) तरतूदही कुठून तरी करावी लागते. हे सगळं मी एका पोत्यात भरलं आणि पोत्यावर आकडा लिहिला. तो अर्थशास्त्राच्या अज्ञानाचा भाग नव्हता, आळसाचा होता. बेरीज तयार छापलेली होती, मी उचलली.

पण सर, हे सगळं वजा केल्यावरही सर्वसाधारण निधीच्या ठेवी उरतात, आणि दर वर्षी वाढतात. तूट आणि वाढत्या ठेवी एकाच घरात कशा नांदतात, हा माझा खरा प्रश्न होता. तो मी नीट मांडला नाही, आता मांडते. तुम्ही हे पुस्तक आयुष्यभर तयार केलंय, त्यामुळे कुठे चुकले तर लगेच सांगाल.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे जमा-खर्चाच्या प्रत्येक बाबीपुढे, तीन रकाने असतात. गेल्या वर्षीची प्रत्यक्ष जमा किंवा खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. वर्तमानपत्रात येतो तो तिसरा रकाना. ‘इतक्या कोटींची तूट’ ही बातमी त्याचीच. पण त्याच आर्थिक वर्षाचा प्रत्यक्ष हिशेब दोन वर्षांनी पहिल्या रकान्यात येऊन बसतो, तेव्हा तो कोणी वाचत नाही. मी माझ्या मुदतीतली पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचली. तिसऱ्या रकान्यात तूट असलेलं वर्ष पहिल्या रकान्यात येईपर्यंत शिल्लकीचं झालेलं असायचं. एकदा नाही, दर वेळी.

हे कसं घडतं ते तुम्हाला माहीत आहे, पण वाचकांना सांगायला हवं. जमेचे आकडे हात राखून धरतात. खर्चाच्या बाजूला मात्र मंजूर असलेलं प्रत्येक काम पूर्ण रकमेनिशी येतं, मग ते काम होणार असो वा नसो. आमच्याकडे मुलींच्या वसतिगृहाचा एक वाढीव मजला होता. मी अधिसभेत गेले तेव्हा तो पुस्तकात होता, बाहेर पडले तेव्हाही होता. नकाशा बदलला, मग अंदाजपत्रक बदललं, मग निविदेला प्रतिसाद नाही, मग फेरनिविदा. मजल्याला एक वीट लागली नाही, पण दर वर्षीच्या तुटीत तो मजला होता. मी त्यावर कपात सूचना दिली, म्हणजे ती तरतूद कमी करा असा प्रस्ताव दिला, तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही मुलींच्या वसतिगृहाच्या विरोधात आहात का?’ सभागृह हसलं. मीही हसले, दुसरं काय करणार.

तुम्ही म्हणाल, ही सावधगिरी आहे. लेखाधिकाऱ्याच्या खुर्चीतून ती सावधगिरीच आहे. जमा कमी धरा, खर्च जास्त धरा, म्हणजे वर्षअखेरीला तोंडघशी पडायला होत नाही. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. अडचण एवढीच की शुल्कवाढीचा ठराव याच तिसऱ्या रकान्याच्या आधारानं येतो. न बांधलेल्या मजल्याची तूट मुलं जूनमध्ये रोख भरतात. शुल्कवाढ ठरवताना पहिला रकाना का बघत नाहीत, याचं उत्तर मला सभागृहात कधी मिळालं नाही. तुमच्या प्रतिक्रियेतही नाही.

आता कलम ८. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तुम्ही म्हणता तसं त्याचं पोटकलम १ स्पष्ट आहे. शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून विद्यापीठाला नवी पदं निर्माण करता येत नाहीत, वेतन-भत्ते बदलता येत नाहीत. मान्य. पण सर, तुम्ही पान उलटायचं राहिलात. पोटकलम २ म्हणतं की स्वयंअर्थसाहाय्यित (स्वतःच्या शुल्कावर चालणाऱ्या) अभ्यासक्रमांचं शुल्क, देणग्या, सेवांचं उत्पन्न, विद्यापीठाचा स्वतःचा विकास निधी यांतून विद्यापीठाला ठरावीक मुदतीची पदं निर्माण करता येतात आणि त्यांना वेतन-भत्ते देता येतात, शासनाकडे न जाता. अट एकच : शासनावर आज किंवा उद्या, थेट किंवा आडून, कसलाही आर्थिक बोजा येता कामा नये. ही मोकळीक १९९४ च्या जुन्या कायद्यातही होती. म्हणजे कुलगुरूंचे हात बांधलेले असतात हे अर्धं खरं आहे. एक हात बांधलेला असतो.

मी सात वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवलं. विद्यापीठाचं नाव घेत नाही, तुम्ही ओळखलं असेल तर मनात ठेवा. आमच्या विभागात दोन अभ्यासक्रम स्वयंअर्थसाहाय्यित होते, जागा भरलेल्या, शुल्क आगाऊ घेतलेलं. पोटकलम २ तिथे जसंच्या तसं लागू होतं. तरी दिवाळीआधी घेतलेल्या तासांचं मानधन होळीच्या सुमाराला यायचं. विद्यापीठ अनुदान आयोगानं जानेवारी २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांना तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं कळवलं, तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी ते परिपत्रक मोठ्या कौतुकानं फलकावर लावलं. ते फलकावरच राहिलं. उन्हानं पिवळं पडलं, मग कोणीतरी त्यावर परीक्षेचं वेळापत्रक लावलं.

पोटकलम २ न वापरण्यामागची भीती मला कळते. मुदतीचं पद दिलं की तो माणूस चार वर्षांनी कायम करा म्हणून न्यायालयात जातो, निकाल त्याच्या बाजूनं लागला तर बोजा कुणाचा, आणि ‘उद्याचा बोजा’ शासनावर टाकला म्हणून फाईलवर सही करणाऱ्याला जाब कोण विचारणार. विधी कक्षाचा हा शेरा मी डोळ्यांनी वाचलाय. भीती खरी आहे. पण तिची किंमत कोणाच्या खिशातून गेली, तेवढंच मी लिहिलं होतं.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्यापेक्षाही कडक बोलायला हवं होतं, आणि मूळ लेखात ते निसटलं. मी सगळा राग विद्यापीठाच्या इमारतीवर काढला, मंत्रालयावर नाही. मंजूर पद वर्षानुवर्षं रिकामं राहतं तेव्हा त्याचा पगार शासनाचा वाचतो. त्या पदाचे तास कोणाला तरी घ्यावेच लागतात, आणि आमच्याकडे ते मानधन विद्यापीठाच्या निधीतून निघायचं, म्हणजे शेवटी शुल्कातून. वाचले एकाचे, भरले दुसऱ्यानं. तीच गोष्ट सवलतींची. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. निर्णय चांगलाच आहे, माझ्या शेजारच्या घरातली मुलगी त्यामुळे शिकतेय. पण त्या माफ शुल्काच्या प्रतिपूर्तीची रक्कम शासनाकडून येईपर्यंत दिवे, पाणी, पगार संस्थेनंच चालवायचे असतात. तुटीच्या पुस्तकात ‘शासनाकडून येणे’ हा आकडा ठळक अक्षरात छापायला काय हरकत आहे? तसा छापलेला मी कधी पाहिला नाही. कुलपतींसमोर, म्हणजे राज्यपालांसमोर, शासनाची उधारी वाचायची कोणाची छाती होत नसावी.

आणि परीक्षा शुल्कच का वाढतं, हा तर वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण आलाय तर सांगते. आपली विद्यापीठं संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षांवर जगतात. ती दुभती गाय आता आटतेय. मुंबईचं सेंट झेवियर्स २०१० मध्ये स्वायत्त झालं, स्वतःच्या परीक्षा स्वतः घ्यायला लागलं. त्यानंतर एकामागून एक मोठी महाविद्यालयं त्याच वाटेनं गेली. के. सी., एच. आर. या मुंबईतल्या महाविद्यालयांचं तर २०२० मध्ये एचएसएनसी हे वेगळं समूह विद्यापीठच (काही महाविद्यालयांचं मिळून एक विद्यापीठ) झालं. स्वायत्ततेला माझा विरोध नाही. पण मोठी शहरी कॉलेजं बाहेर पडली की मूल्यमापनाचा, छपाईचा, प्रश्नपत्रिका पोहोचवण्याचा खर्च उरलेल्यांवर येतो, आणि उरतं कोण? तालुक्याचं कॉलेज. जिथला मुलगा सकाळी दूध घालून एसटीनं येतो. परीक्षा शुल्काच्या वाढीचा ठराव मांडताना ही वाटणी कधी कोणी सभागृहापुढे ठेवली आहे का, तुम्हीच सांगा.

प्रक्रियेच्या मुद्द्यावर मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे. मूळ लेखात ‘लालफीत’ वगैरे लिहिलं ते वाचून मलाच कसंसं झालं. प्रक्रिया बाजूला ठेवून धडाक्यात निर्णय घेतला की काय होतं ते आपण २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात पाहिलं. त्या उन्हाळ्याच्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका सगळ्या शाखांच्या एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या ठरल्या. आधी एखाद्या शाखेत करून बघू, असं नाही. लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांना शिकवायचं, सगळं एकाच हंगामात. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल महिनोन् महिने रखडले, पुढच्या प्रवेशांची मुलं ताटकळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. कल्पना वाईट नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होते. वसतिगृहाच्या मजल्याला फेरनिविदांचा जेवढा वेळ दिला, त्याच्या पाव हिस्सा जरी तिथे दिला असता तर! म्हणजे प्रक्रिया आपल्याकडे आहे, पण परीक्षेसारख्या कमावत्या खात्यात ती वितळते आणि ग्रंथालयाच्या पुस्तकखरेदीत दगडासारखी उभी राहते. हे माझं निरीक्षण आहे, आकडेवारी नाही. तुमचा अनुभव वेगळा असेल तर लिहा.

राहता राहिला तुमचा टोमणा, की ‘माहिती न घेता लिहिता’. सर, अर्थसंकल्पाचं पुस्तक आम्हाला बैठकीच्या किती आधी मिळायचं ते तुम्ही जाणता. चहा, समोसा आणि पुस्तक साधारण मागेपुढेच. मागच्या वर्षांची पुस्तकं मी माहितीच्या अधिकारात मिळवली, दहा रुपयांचा अर्ज आणि पानाला दोन रुपये. खरं तर त्याचीही गरज पडू नये. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचं कलम ४ सांगतं की अर्थसंकल्प, नियोजित खर्च आणि प्रत्यक्ष वाटप सार्वजनिक प्राधिकरणानं न मागता जाहीर करायचं असतं. संकेतस्थळावर आमच्या विद्यापीठाचा फक्त तिसरा रकाना असतो, तोही कुलगुरूंच्या भाषणात गुंडाळलेला.

तुमच्याकडे जुनी पुस्तकं असतील असा मला दाट संशय आहे. लेखा विभागातली माणसं कागद टाकत नाहीत. माझ्या मुदतीच्या आधीच्या वर्षांची असली तर पहिले रकाने तेवढे कळवा. त्या वर्षांत खरोखर तूट निघाली असेल तर ते मी याच जागी, तुमच्या शब्दांत छापेन.

तोवर मूळ लेखात बदल केला आहे. ठेवींची एकरकमी बेरीज काढून टाकली, खाली दुरुस्तीची टीप घातली. मंत्रालयाबद्दल एक परिच्छेद वाढवला. ‘लूट’ हा शब्द काढला. ‘तूट’ला मात्र अवतरणचिन्हं घातली आहेत.