डीकनची वही

मी राहते ते गाव बॉस्टनपासून तासाभरावर आहे. तिथल्या जुन्या कबरस्तानात अठराव्या शतकातले पाटीचे दगड अजून उभे आहेत. काही दगडांवर नावाच्या आधी ‘डीकन’, म्हणजे चर्चच्या लोकांनी आपल्यातून निवडलेला सेवक, असं कोरलंय, जसं दुसऱ्या कुणाच्या नावाआधी ‘कप्तान’. शेजारच्या आजीबाई त्यातल्या एकावर हात ठेवून म्हणाल्या, “हे आमचे.” एवढंच म्हणाल्या, पण किती सहज!

आमच्याही घराण्यात एक डीकन होते. आमच्या आबांचे आजोबा, म्हणजे माझे खापरपणजोबा. नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, वडाळ्याजवळच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहात. आम्ही मूळचे महार. हे वाक्य मला इतक्या सहज उच्चारता यायला पंचेचाळीस वर्षं लागली.

धर्मांतरविरोधी कायद्यावरून महाराष्ट्रात वाद पेटला की घरच्या ग्रुपवर त्याचा धूर येतो. मागे दादानं एका भाषणाची क्लिप टाकली. वक्ते सांगत होते, नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती म्हणजे दुष्काळात तांदळाच्या पोत्यावर बाटलेले लोक. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका जुन्या मैत्रिणीनं दुसऱ्या बाजूनं टोचलं. तुमचे लोक साहेबाच्या आडोशाला गेले, जातीविरुद्धची लढाई आम्ही लढलो, असं तिचं म्हणणं. दोघांचाही मुद्दा एकच, की आमच्या माणसाला स्वतःची अक्कल नव्हती. कुणी तरी त्याला विकत घेतलं, नाहीतर पळवून नेलं.

मला राग येतो तो याचा. कारण खापरपणजोबांची वही आमच्याकडे आहे.

काकूच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, खाली, लाल कापडात बांधलेली. मंडळीतल्या घरांत रोज दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि रविवारी उपासनेला आणायचं. ते मोजून घेणं हे डीकनचं काम. नोंदी मोडीत आहेत, अक्षर बारीक. “बाजरी पावशेर.” “ज्वारी अच्छेर.” आणि नावं बहुतेक बायकांची, कारण मूठ काढणारा हात त्यांचा. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला आपल्याकडे छपन्नचा दुष्काळ म्हणतात, पानंच्या पानं अशी आहेत की नाव लिहिलंय आणि पुढे “घरी नाही”. पुढच्या रविवारी पुन्हा तेच नाव, पुन्हा “घरी नाही”. त्यांनी एकही नाव गाळलेलं नाही. देणारा म्हणून ज्याची नोंद होती, तो उपाशी असतानाही देणाऱ्यांच्याच यादीत राहिला.

त्या दुष्काळात मिशनच्या कामावर आणि मिशनच्या धान्यावर माणसं जगली, हे खरं आहे. त्यातली बरीच पुढे ख्रिस्ती झाली, हेही खरं. यात लपवण्यासारखं काय आहे? ज्याला विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, त्यानं भाकरी देणाऱ्याकडे पाहिलं तर भुकेला लाज का चिकटवायची? लाज वाटायची तर विहीर ज्यांची होती त्यांना वाटू दे.

माझ्या लेखी मोठी गोष्ट मात्र भाकरीची नाहीच. आमच्या भागातलं अमेरिकन मराठी मिशन हे काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाचं. १८१३ ला मुंबईत सुरू झालं, १८३१ मध्ये नगरला आलं. या पंथात बिशप नसतो. मंडळी सभा भरवते आणि आपला डीकन आपणच निवडते. डीकन पगारी नोकर नव्हे. मंडळीचा पैसा सांभाळणारा आणि प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला लोकांपर्यंत नेणारा माणूस. सगळ्या प्रौढ भारतीयांना मत मिळालं ते राज्यघटनेनं, आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली १९५१-५२ मध्ये. त्याच्या अर्धशतक आधी महारवाड्यातल्या माणसांनी हात वर करून आपल्यातला एक निवडला आणि हिशेब त्याच्या हाती दिला. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या हातचा प्याला! आमच्या गावातल्या किती जणांनी तो पहिल्या रविवारी मनापासून घेतला असेल, याचा मी खूप विचार करते.

मिशनऱ्यांची आरती मी ओवाळणार नाही. या मिशनची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. रजा काढून दोन दिवस तिथे बसले. मी पाहिलेल्या पत्रांत आमच्या भागातल्या मंडळ्या आहेत, सभासदांचे आकडे आहेत, जमलेले रुपये आहेत. खापरपणजोबांचं नाव नाही. ते फक्त काकूच्या पेटीत आहे. आणि जात आमच्या ख्रिस्ती देवळाच्या उंबऱ्याशी थांबली असंही नाही. महार-मांग भेद आमच्या बाकांवर बसला, लग्नांत तर अजून बसतो.

परदेशात राहून हे लिहिणं सोपं आहे, हे मला कळतं. इथे कुठल्याही अर्जावर माझा धर्म माझा हक्क काढून घेत नाही. दादाच्या मुलाचं तसं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा, काही शीख जाती सोडल्या तर, हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये बाकीचे शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. म्हणून कित्येक घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. त्यांना खोटारडे म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, की बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जात धुतली जाते हे गावानं कधी मान्य केलं? गावानं मानलं नाही, ते सरकारनं मानलं, तेही फक्त सवलत काढून घेण्यापुरतं. हा आदेश बदलायलाच हवा.

सध्या दर शनिवारी काकू व्हिडिओ कॉलवर वही धरते आणि मी मोडी वाचते. अजून अडखळते. परवा एका नावाशी आले, पुढे “घरी नाही”. काकू एकदम म्हणाली, “थांब. ही माझ्या आजीची आई गं.” चष्मा काढून तिनं पान स्वतःच्या डोळ्यांजवळ नेलं. स्क्रीनवर मला नुसतं लाल कापड दिसत होतं.