गळती शोधणाऱ्याच्याच नावापुढे लाल शेरा

आज आमच्या पाणीपुरवठा विभागाच्या आढावा बैठकीत पडद्यावर पुन्हा तोच तक्ता. झोनवार कामगिरी, हिरवे चौकोन, लाल चौकोन. लाल चौकोनवाल्या तरुण अभियंत्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, "तुमच्याकडेच एवढ्या गळत्या कशा?" बिचारा मान खाली घालून उभा. घरी आले तरी तो चेहरा डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून लिहायला बसलेय.

त्याच्याकडे गळत्या जास्त दिसतात, कारण तो त्या शोधतो. इतकी साधी गोष्ट आहे!

मला आमचे फिटरकाका आठवले. मी पाणीपुरवठ्यात नवीन होते. काका रात्री दोनला ऐकायची सळई घेऊन निघायचे. एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानाशी. सगळे झोपलेले, नळ बंद; अशा वेळी पाइपातून जे वाहतं त्यात मोठा वाटा गळतीचाच. एकदा त्यांनी सळई माझ्या हातात दिली. मला काही ऐकू येईना. "मॅडम, श्वास रोखा," म्हणाले. मग आला, बारीक, सलग सूंsss असा आवाज. वर रस्ता ठणठणीत कोरडा.

त्या वर्षी काकांनी शोधलेली प्रत्येक गळती नोंदवहीत चढली. दुरुस्ती मात्र रखडली, कारण रस्ता खोदायची परवानगी एका विभागाकडे आणि ठेकेदाराची फाइल दुसऱ्याच टेबलावर. प्रलंबित गळत्यांत आमचा झोन सगळ्यात वर. काकांच्या गोपनीय अहवालात शेरा पडला, 'असमाधानकारक'. ज्या तक्त्यावरून तो पडला, तो मी भरला होता.

सोडलेल्या पाण्यातलं किती टक्के गळालं, या टक्केवारीचा प्रकार तर याहून वाईट. पाणी दिवसातून दोनच तास सोडा, पाइपात दाब दोनच तास राहील, गळतीही तेवढाच वेळ होईल. आकडा आपोआप सुधारतो! लोक रिकाम्या बादल्या घेऊन बसलेत आणि इकडे चौकोन हिरवा. म्हणूनच जगभरातले जाणकार सांगत आलेत की गळती निव्वळ टक्क्यांत मोजू नका. दर जोडणीमागे रोज किती लिटर, आणि तेही पाइपात दाब असलेल्या वेळेच्या हिशेबानं मोजा. पण तसं मोजलं तर हिरवे चौकोन उरतील किती?

आणि त्या 'निकाली' काढलेल्या तक्रारी! नळ कोरडा, मोबाइलवर मेसेज की तक्रार निवारण झालं. यावर तुम्हाला मी काय वेगळं सांगायचं.

आकडेच नकोत असं मी म्हणत नाही. मीटर नसेल तर गळती किती आणि चोरी किती, हे कुणालाच कळणार नाही. मान्य. कंबोडियात नॉम पेनच्या पाणीपुरवठा संस्थेचं १९९३ साली ७२ टक्के पाणी बेहिशेबी जात होतं. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत ते ६ टक्क्यांच्या आसपास आणलं. तिथल्या प्रमुखांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथंही आकडे होतेच. पण गळती कमी करणाऱ्या पथकाला तिथं बक्षीस मिळायचं, आणि चोरीला साथ देणारा कर्मचारी घरी जायचा. आपल्याकडे शोधणाऱ्याला शेरा आणि झोपणाऱ्याला हिरवा चौकोन. काकांच्या शेजारच्या झोनमध्ये वर्षभर कुणी सळईला हात लावला नव्हता. त्या झोनचा सत्कार झाला. टाळ्या मीही वाजवल्या.

इथवर लिहिताना राग थोडा निवळलाय. तक्ते बनवणारी माणसं दुष्ट नसतात. वरून संध्याकाळपर्यंत मागितलेलं असतं, हाती येईल ते भरलं जातं. मीही तेच केलं होतं. पण माझ्या त्या एका रकान्यामुळे काकांनी रात्री जाणं सोडलं, हे मला आजही सहन होत नाही. रागावले नाहीत ते. फक्त सळई स्टोअरमध्ये जमा केली.

उद्या बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे सहीला येईल. सहीआधी दोन रकाने वाढवायला लिहिणार आहे. तक्रार येण्याआधी आपल्या माणसांनी शोधलेल्या गळत्या वेगळ्या दाखवा, आणि त्या जमेच्या बाजूला धरा. शोधल्यापासून बुजवेपर्यंत जेवढे दिवस गेले, ते ज्या टेबलावर कागद पडून होता त्या टेबलाच्या नावावर टाका. नाही मानलं तर माझी सही नाही.

मघाशी काकांना फोन करून हे सांगितलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत त्यांना. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही कान लावला होतात तो जोड बदलला का हो शेवटी?"

मला माहीत नव्हतं. उद्या आधी ती नोंदवही काढते.