सदर्न मराठा रेल्वे: कंपनी गेली, वळण राहिले

बेळगावात रेल्वे फाटकांवरून पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट असे पत्ते आपण सर्रास सांगतो. परंतु ज्या कंपनीने हा लोहमार्ग टाकला, तिच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. १८८२ साली स्थापन झालेली सदर्न मराठा रेल्वे १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी एकत्र होऊन 'मद्रास अँड सदर्न मराठा' झाली, म्हणजे तिचे स्वतंत्र आयुष्य जेमतेम पाव शतकाचे. तेवढ्या काळात झालेल्या दोन निर्णयांनी बेळगावला पुढची शंभर वर्षे अडवून धरले, असे माझे स्पष्ट मत आहे.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात या भागात वेळेवर धान्य पोहोचवता आले नाही, म्हणून सरकारला येथे रेल्वे हवी होती, तीही स्वस्तातली. त्यामुळे मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीचा अरुंद मार्ग, आला; हा पहिला निर्णय. भांडवल विलायतेचे आणि व्याजाची हमी सरकारची, अशा व्यवस्थेत जोखीम शेवटी रयतेच्याच माथी होती. १८८७ मध्ये गाडी बेळगावात आली आणि १८९० मध्ये मिरजेवरून पुण्यापर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. मात्र पुण्याहून मुंबईकडे जाणारा मार्ग आधीपासूनच ब्रॉडगेज, म्हणजे रुंद, होता. परिणामी बेळगावचा माल पुण्यात एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हमालांच्या पाठीवरून जाऊ लागला, आणि पुणे-मिरज रुंद झाल्यावर हीच उठाठेव मिरजेला आली. वळकटी, ट्रंक आणि फिरकीचा तांब्या सांभाळत मिरजेला पहाटे गाडी बदलणारी पिढी अजून आपल्यात आहे, कारण मिरज-लोंढा रुंदीकरण थेट १९९० च्या दशकात झाले.

दुसरा निर्णय मार्गाच्या आखणीचा. कंपनीची नजर गोव्यातील मुरगाव बंदरावर होती. म्हणून हुबळी-धारवाडचा कापूस लोंढा आणि कॅसलरॉकमार्गे समुद्राकडे नेणारा मार्ग हा कणा ठरला आणि बेळगाव त्याला लोंढ्यात जोडले गेले. कापसासाठी प्रसिद्ध असलेले बैलहोंगल आणि शेजारचे कित्तूर मात्र रेल्वेविना राहिले. बेळगावहून धारवाड रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर आहे; रेल्वेने खानापूर, लोंढा, अळणावर असा वळसा घेत ते सुमारे १२० होते.

कंपनीने काहीच दिले नाही, असे मी म्हणणार नाही. हुबळीचे वर्कशॉप तिचेच, आणि धारवाडचे कर्नाटक कॉलेज भरते ती देखणी वास्तू एके काळी तिचे मुख्य कार्यालय होती. (बेळगावच्या वाट्याला तसे काही आले नाही, हे जाता जाता नोंदवतो.)

गेजचा प्रश्न सुटला, पण वळसा अजून तसाच आहे. कित्तूरमार्गे थेट मार्गाला मंजुरी मिळूनही भूसंपादनाचे घोडे वर्षानुवर्षे अडून राहिले. ज्यांची पिकाऊ जमीन जाणार आहे त्यांना योग्य मोबदला मिळालाच पाहिजे, आणि पर्यायी आखणीची त्यांची मागणी ऐकूनही घेतली पाहिजे. परंतु निवडणुकीच्या तोंडावर या मार्गाच्या घोषणा करणाऱ्यांना आपण मराठी-कन्नड दोघांनी मिळून कामाची तारीख विचारायला हवी.