अक्षर सुंदर येईल की नाही ते सोडा, आधी मुलांना हाताने लिहू द्या

मे संपत आला की आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन जाहिराती हमखास फिरतात. एक 'पंधरा दिवसांत मोत्यासारखं अक्षर' आणि दुसरी सहा वर्षांच्या मुलांना कोडिंग. त्याखाली कुणाची तरी आई किंवा बाबा दरवर्षी लिहितातच, 'आता हस्ताक्षर शिकवून काय उपयोग? पुढे सगळं टाइपच करायचंय.' ग्रुपवर दोन ओळींत उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी प्राथमिकच्या मुलांना शिकवलं. निवृत्तीनंतर संध्याकाळी सोसायटीतली मुलं माझ्याकडे अभ्यासाला येतात, बहुतेक सगळी इंग्रजी माध्यमाची.

हाताने लिहिताना मूल अक्षर ओळखायला शिकतं, शब्द लक्षात ठेवायला शिकतं आणि मनातलं ओळीत मांडायला शिकतं. माझा आग्रह एवढ्यासाठी आहे. अक्षर देखणं आलं तर आनंदच. नाही आलं तरी काही अडत नाही. लिहिणंच झालं नाही, तर मात्र पुढे सगळीकडे अडतं.

येऊरच्या जंगलामुळे आमच्याकडच्या मुलांचा बिबट्या हा लाडका विषय आहे. चौथीतल्या एका मुलाने मध्यंतरी गॅलरीतून बिबट्या पाहिला. तो पलीकडच्या भिंतीवरून कसा चालत गेला, शेपटी कशी खाली लोंबत होती, वॉचमन केबिनमध्ये शिरून दार कसा ओढून बसला, कुत्री आधी जिवाच्या आकांताने भुंकत होती आणि मग एकदम कशी चिडीचूप झाली, हे सगळं त्याने मला हातवारे करून सांगितलं. म्हटलं, आता हेच लिहून काढ. वहीत उतरलं ते असं: 'आमच्या इथे बिबट्या आला. तो मोठा होता. आम्ही घाबरलो.' शेपटी नाही, वॉचमन नाही, कुत्रीही नाहीत. मी विचारलं, 'अरे, कुत्री कुठे गेली?' तर म्हणाला, 'काकू, त्र कसा काढतात ते आठवेना, म्हणून कुत्री लिहिलीच नाहीत.'

मला त्याचं फार वाईट वाटलं. गोष्ट त्याच्याकडे होती, अगदी रंगवून सांगितलेली. हात अडला म्हणून ती तीन वाक्यांची झाली. मूल हाताला झेपेल तेवढंच लिहितं, आणि सातवी-आठवीत आपण म्हणतो, 'याला काही सुचतच नाही.' अक्षर कसं काढायचं याच्याच विचारात डोकं गुंतलं की पुढचं वाक्य धरून ठेवायला जागा उरत नाही. त्र, ज्ञ, र्‍या हातातून आपोआप उतरायला लागले की ते डोकं गोष्टीसाठी मोकळं होतं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या व्हर्जिनिया बर्निंजर यांनी दुसरी, चौथी आणि सहावीच्या मुलांकडून हाताने आणि कीबोर्डवर असे दोन्ही प्रकारे निबंध लिहून घेतले होते. हाताने लिहिलेले निबंध मोठे होते आणि वेगाने लिहिलेले होते. या वयात कीबोर्डवर पटपट लिहून होतं, हा आपला मोठ्यांचा समज आहे.

त्या मुलाचा हातही मी नीट पाहिला. पेन्सिल जवळपास मुठीत, अंगठा पहिल्या बोटावरून पार पलीकडे गेलेला, नखाचं टोक पांढरं पडलेलं. पान उलटून हात फिरवला तर मागच्या बाजूने अक्षरं बोटांना लागत होती, इतका दाब. अर्ध्या पानात हात दुखणारच. पण मुलाला आपण 'आळशी' म्हणून मोकळे होतो. ही पकड कुठून येते? साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात नर्सरीत पेन्सिल आणि चार रेघी वही दिली जाते तिथून. त्या वयात बोटांना कणीक मळू द्यावी, मातीचे गोळे करू द्यावेत, कात्रीने कागद कापू द्यावा, वाटाणे सोलू द्यावेत, खडूने फरशीवर मोठमोठ्या रेघा ओढू द्याव्यात. बोटांत बळ आलं की पेन्सिल चिमटीत आपसूक बसते. मी हस्ताक्षराच्या बाजूची आहे, आणि म्हणूनच नर्सरीतल्या पानभर एबीसीडीच्या पूर्ण विरोधात आहे.

आता गिरवण्याबद्दल. हे थोडं लांबेल, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांची, अजून वाचता न येणारी मुलं होती. काही अक्षरं त्यांनी स्वतः काढली, काही टिंबांवरून गिरवली आणि काही कीबोर्डवर दाबली. नंतर मुलांना एमआरआय यंत्रात ती अक्षरं दाखवली. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी जागे झाले. टाइप केलेल्या अक्षरांच्या वेळी तसं झालं नाही, आणि गिरवलेल्या अक्षरांच्या वेळीही नाही.

हे वाचलं तेव्हा मी चकित झाले, कारण गिरवणं म्हणजेच लिहायला शिकणं असं आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललोय. त्या संशोधकांनी दिलेलं कारण मला पटतं. मूल स्वतः 'क' काढतं तेव्हा एकदा पोट मोठं होतं, एकदा दांडी वाकडी जाते, एकदा शेपूट भलतीकडेच. असे वेडेवाकडे, एकमेकांशी न जुळणारे 'क' काढता काढता त्याला कळतं की यातलं काय बदललं तरी चालतं आणि काय बदललं की 'क' राहतच नाही. टिंबांवरून हात फिरवताना हा प्रश्न पडतच नाही. ते सगळं टिंबांनी आधीच ठरवलेलं असतं.

म्हणून पालकांना हात जोडून सांगते, टिंबांच्या पुस्तकांवर पैसे घालवू नका. सुरुवातीला वळण कळावं म्हणून दोन-चार वेळा गिरवलं तर ठीक आहे, त्यासाठी पाटी पुरते. मग पाटी पुसा आणि म्हणा, आता तुझा तू काढ. आणि मुलाने काढलेला पहिला वाकडा 'क' लगेच खोडरबराने पुसू नका. तो त्याने डोक्यातून काढलेला असतो.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातल्या ऑड्री व्हॅन डर मीर यांचं काम २०२४ साली बरंच गाजलं. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ इलेक्ट्रोडची जाळी बसवून त्यांनी लिहिताना आणि टाइप करताना मेंदूत काय चालतं ते नोंदवलं. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांचं एकमेकांशी जास्त बोलणं चाललेलं दिसलं. यातली एक गोष्ट बातम्यांत मागे पडली. ती मुलं कागदावर लिहीत नव्हती, डिजिटल पेनने टचस्क्रीनवर लिहीत होती. म्हणजे ज्यांच्याकडे टॅबलेट आहे त्यांनी त्यावर पेनने लिहायला हरकत नाही. गुण हाताच्या हालचालीत आहे. आणि टाइप करताना त्यांना एकच बोट वापरायला सांगितलं होतं हेही सांगायला हवं. दहा बोटांनी सराईतपणे टाइप करणाऱ्यावर तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये.

लॅपटॉपपेक्षा वहीत हाताने नोट्स घेणाऱ्यांना विषय जास्त समजतो, असं सांगणारा २०१४ सालचा अमेरिकी प्रयोग तर सतत फॉरवर्ड होत असतो. तो कॉलेजच्या मुलांवरचा होता आणि पुढे तोच प्रयोग इतरांनी पुन्हा केला तेव्हा तसाच निकाल मिळाला नाही. माझं म्हणणं मी त्याच्यावर उभं करत नाही. 'फिनलंडने हस्ताक्षर बंद केलं' हाही असाच फॉरवर्ड. तिथे २०१६ पासून फक्त जोडून लिहिण्याची, म्हणजे कर्सिव्हची, सक्ती काढली. सुटी अक्षरं मुलं आजही हातानेच शिकतात. उलट कॅलिफोर्नियाने कायदा करून २०२४ पासून पहिली ते सहावीला जोडून लिहिणं पुन्हा शिकवायला घेतलंय.

हे सगळे प्रयोग रोमन लिपीवरचे आहेत. आपल्या देवनागरीचं मला जे दिसतं ते वर्गातलं आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे आपली इंग्रजी माध्यमाची मुलंही मराठीची वही घालतात. पण घरी मराठी टाइप करतात ती रोमन अक्षरांत, नाहीतर माइक दाबून बोलतात. वहीत मग शिरोरेषाच नसते. आधी मला वाटायचं, हा घाईचा परिणाम. पण अशा मुलांच्या वहीत 'घर' आणि 'धर' सारखेच दिसतात, 'मात' आणि 'भात' सारखेच दिसतात. घ आणि ध, म आणि भ यांच्यातला मुख्य फरक त्या वरच्या रेघेतच तर आहे! शिवाय एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे ती रेघ सांगते. अक्षरं काढून झाली की वर रेघ ओढताना मूल थांबतं आणि आपण लिहिलेला शब्द पुन्हा एकदा अख्खा पाहतं. फोनमध्ये ती रेघ आपोआप येते, थांबायची वेळच येत नाही.

वेलांटीचंही तसंच. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडून, दुसरी उजवीकडून. 'दिन' आणि 'दीन' लिहिताना हात वेगवेगळ्या दिशेने जातो, आणि तो फरक हातात बसतो. रोमनमध्ये टाइप करणाऱ्याला फोन दोन-तीन शब्द सुचवतो आणि मूल पहिल्यावर बोट ठेवून पुढे जातं. शुद्धलेखनाच्या नावाने आपण खडे फोडतो, पण शुद्धलेखन बसायला हाताला काही काम दिलंय का आपण?

लिहिण्याची सवय मोडली की काय होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कोविडच्या ऑनलाइन शाळेनंतर २०२२ सालच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत मंडळाला मोठ्या पेपरना अर्धा तास आणि ४० ते ६० गुणांच्या पेपरना पाव तास जास्त द्यावा लागला, कारण मुलांचा लिहिण्याचा सराव तुटला होता. उत्तर येत असूनही पेपर सुटणं हा मुलांवर केवढा अन्याय आहे! आणि दहावी अजून कागदावरच आहे, हे विसरून चालणार नाही.

मग सुंदर अक्षराचं काय? त्याचा मला मनापासून आदर आहे. रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनाला दिला आहे, आणि अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं इथपासून ते किती बारकाईने सांगतात! आपल्या शेजारी नवी मुंबईत अच्युत पालव सुलेखन शिकवतात, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरच्यासारखा आनंद झाला. पण सुलेखन ही कला आहे, आणि प्रत्येक मुलाने गायक व्हावं अशी अट आपण घालत नाही. प्रत्येक मुलाला मागायचं ते एवढंच: वाचता येईल असं, हात न दुखता, विचाराच्या वेगाने लिहिता येणं. पंधरा दिवसांच्या वर्गात अक्षर सुधारलेलं दिसतं ते बऱ्याचदा सावकाश कोरल्यामुळे. शाळेतल्या वेगाने लिहायला लागलं की ते पुन्हा जुन्या वाटेला जातं. रोज थोडं लिहिण्याला पर्याय नाही.

आणि शिक्षा म्हणून लिहायला लावणं बंद करा. 'मी वर्गात बोलणार नाही' शंभर वेळा लिहायला लावणारी शाळा आणि चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावणारे आपण, दोघंही मुलाला एकच शिकवतो, की लिहिणं हा त्रास आहे. त्याऐवजी जांभळी नाक्याला भाजी घ्यायला जाताना यादी त्याला लिहू द्या, 'कोथिंबीर' चुकली तरी. गावच्या आजीला पत्र लिहू द्या. फ्रिजवर त्याने लिहिलेली चिठ्ठी लावा आणि ती वाचून त्याला उत्तरही लिहा.

डावखुऱ्या मुलांचा हात बदलू नका. त्यांची वही उजवीकडे थोडी कलती ठेवली की लिहिलेलं त्यांना दिसतं आणि मनगट वाकवावं लागत नाही. आणि सगळं करूनही तिसरी-चौथीपर्यंत एखाद्या मुलाला लिहिणं फारच जड जात असेल, बोलतं छान पण कागदावर काहीच उतरत नसेल, तर ओरडू नका. त्याला लेखन-अक्षमता असू शकते. बालरोगतज्ज्ञांना विचारा, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून तपासून घ्या. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात आणि त्या घेण्यात काही कमीपणा नाही. त्यांच्यासाठी टायपिंग हा खरा आधार आहे, तो खुशाल द्या. बाकीच्यांनाही टायपिंग शिकवा, पाचवी-सहावीत, नीट दहा बोटांनी, आणि मराठी कीबोर्डवर.

पुढच्या पालकसभेत एक गोष्ट नक्की विचारा: पहिली ते चौथीच्या वेळापत्रकात मुलांनी स्वतःच्या मनाचं लिहायला रोज पंधरा मिनिटं तरी आहेत का? फळ्यावरचं उतरवून घेणं त्यात धरायचं नाही. आणि घोडबंदर रोड, मानपाडा, कासारवडवली भागातल्या ज्यांच्या मुलांचा हात अडतोय त्यांनी मला मेसेज करा. शनिवारी संध्याकाळी मुलांना घेऊन या, मी पैसे घेत नाही. येताना दुरेघी वही आणि मऊ शिशाची पेन्सिल आणा. टिंबांचं पुस्तक घरीच ठेवा.