हत्तीची पिशवी

अण्णांनी १९९१ साली हप्त्यावर घेतलेल्या व्हॅक्युम क्लीनरला आमच्या घरात 'हत्ती' म्हणतात. सोंड आहे, रंग राखाडी आहे आणि पोसणं परवडत नाही. मे महिन्यातल्या सोलापुरात गळ्यात टाय बांधून दारोदार फिरणाऱ्या एका मुलानं तो आमच्या गळ्यात मारला. सोंडेच्या तोंडाला पांढरं फडकं लावून त्यानं ती आमच्या गादीवरून फिरवली आणि फडक्यावर उमटलेला काळा गोल आईला दाखवला. "यावर झोपता तुम्ही?" एवढंच म्हणाला. आई इतकी ओशाळली की अण्णांनी पुढचं काही न ऐकताच सही केली.

हत्तीची मोटर आजही ठणठणीत आहे. गेली ती पिशवी. आतली कागदी पिशवी भरली की टाकून द्यायची असते, असं माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. पण टाकून द्यायच्या वस्तू आमच्या घरात निवृत्त होत नाहीत, बढती घेतात. शेवटची पिशवी आम्ही चार वर्षं झटकून, सेलोटेप लावून चालवली. यंदा दसऱ्याच्या साफसफाईत तिनं देह ठेवला.

नवी पेठेत तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात "पिशवी द्या" म्हटल्यावर पोऱ्यानं कॅरीबॅग पुढे केली. दुसऱ्यानं नवा, बिनपिशवीचा क्लीनर दाखवला. तिसरा अनुभवी होता. त्यानं मॉडेलचं नाव ऐकलं, चष्मा काढला आणि "अजून चालू आहे?" असं विचारलं, तेही एखाद्याच्या आजोबांची चौकशी करावी त्या सुरात.

मग ऑनलाइन 'युनिव्हर्सल' पिशव्या मागवल्या. युनिव्हर्सल म्हणजे कुठल्याच मशीनला न बसणारी. पुठ्ठ्याच्या गळपट्टीचं भोक आमच्या नळीपेक्षा बोटभर मोठं. रिकाम्या जागेत चिंधी कोंबून पाहिली, तर पहिल्याच झटक्यात हत्तीनं ती चिंधी गिळली.

"अहो, शिवून टाकू की," बायको म्हणाली. "कापडाच्या गावात राहून कागदाच्या मागे काय लागलाय?"

मुद्दा बिनतोड होता. जुन्या पिशवीची गळपट्टी गिरवून आम्ही लग्नपत्रिकांचे तीन पुठ्ठे एकावर एक चिकटवले. भोकाच्या मापाला दोन-सहाची बांगडी तंतोतंत बसली. हवा निसटू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून आतून लावली. राहिलं कापड. हाताशी जुनी मलमल होती, तिचीच पिशवी शिवली, खालचं तोंड दुमडून त्याला चिमटा लावला आणि कोनाड्यात सांडलेल्या रांगोळीवर हत्ती सोडला.

ओढ काय विचारता! रांगोळी क्षणात गायब. आम्ही एकमेकांना टाळी देणार, एवढ्यात मागून खोकला ऐकू आला. हत्ती पुढून ओढतो आणि मागून फुंकतो, हे आम्ही विसरलो होतो. त्याच्या मागच्या जाळीसमोर खुर्ची टाकून अण्णा पेपर वाचत बसले होते. मलमलीनं हवा सोडली आणि हवेबरोबर रांगोळीही. अण्णांचा चष्मा गुलाबी, डावी भुवई हिरवी, आणि पेपरातल्या मंत्र्यांना चक्क मिशी आलेली. अण्णांनी पेपर शांतपणे घडी केला आणि म्हणाले, "पंचमी मार्चात असते ना रे?"

आवाज ऐकून शेजारचे जॉबरमामा आले. ते कापड मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. मिल बंद पडून जमाना झाला, पण मामांची जॉबरकी अजून उतरलेली नाही. सोलापुरात कापडाचा विषय काढला की कुणीही परका राहत नाही. मी उत्साहानं घरची चादर पुढे केली.

"चादर?" मामा दुखावल्यासारखे झाले. "हत्तीला पांघरूण घालायलाव की नाकात बोळा? पिशवीतून हवा गेली तर मोटर गार राहते ओ. हवा अडली की मोटर तापून बसली समजा."

मग त्यांनी घरातली कापडं मागवली आणि तपासणी सुरू झाली. एकेक कापड तोंडासमोर ताणून धरायचं आणि त्यातून समोरच्या उदबत्तीवर फुंकर घालायची. धूर जोरात हलला तर कापड विरळ, जागचा हलला नाही तर दाट. टर्किश टॉवेल बाद: "धूळ फासात अडकून बसंल, झटकून निघणार नाही." अण्णांचं धोतर अण्णांनीच बाद केलं. शेवटी मामांचं लक्ष दिवाणावरच्या उशीकडे गेलं. शेकडो धुण्यांनी मऊ पडलेला, कोपऱ्यात 'शुभ रात्री' भरतकाम केलेला माझा अभ्रा. फुंकर मारली. उदबत्तीचा धूर जरासा वाकला, जरासा थांबला.

"हाच," मामा म्हणाले.

मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला मुलगा तेवढ्यात ओरडला, "बाबा, अमेरिकेतल्या स्पँग्लर नावाच्या माणसानंही अभ्राच लावला होता!" ओहायोतल्या एका दुकानात झाडलोट करणारा हा गडी दम्यानं बेजार होता. त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र केलं आणि १९०८ साली पेटंट मिळवलं. तेच पुढे हूवर कुटुंबानं घेतलं. त्याच्याआधी, १९०१ साली लंडनच्या बूथ नावाच्या इंजिनिअरनं धूळ ओढून घेण्याची कल्पना पारखायला हॉटेलातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढून पाहिली होती आणि धुळीनं त्याचा जीव घुसमटला होता.

"ओढून?" मामांनी मान हलवली. "फुंकायचं असतंय बे. जॉबर नव्हता वाटतं जवळ."

दुहेरी शिलाई, उलटी बाजू आत, तोंडाला पुठ्ठा. हत्ती आता नीट घुमतो. अण्णा मात्र खबरदारी म्हणून अंगणात बसून पेपर वाचतात. माझी उशी तीन रात्री उघडीच आहे. काल नवा अभ्रा मागितला, तर बायको म्हणाली, "थांबा जरा. एक धुवायला गेली की दुसरी पिशवी नको का? तुमच्या जोडीचा दुसरा अभ्राही मामांना फुंकायला दिलाय."