सोलापूरला ऊन नवं आहे का?

परवा सात रस्त्याला चहा पिताना एक मित्र म्हणाला, "काय बे, सोलापूरला ऊन कधी नव्हतं? आता त्याला हवामान बदल म्हणायचं, एवढंच." सगळे हसले, मीही हसलो. उत्तर एका चहात संपणारं नव्हतं, म्हणून इथं लिहितोय.

ऊन नवं नाही, मान्य. माझे वडील तीस वर्षं यंत्रमागावर होते. डोक्यावर पत्रा, मे महिना, मागाच्या लोखंडाला हात लावला की चटका. पण रात्री गच्चीवर पाणी मारून अंथरूण टाकलं की पहाटे चादर ओढावी लागायची. (आपलीच की, दुसरी कुठली!) आता पहाटे तीनलाही फरशी कोमट लागते. अर्थात ही माझी आठवण झाली, पुरावा नाही.

पुराव्याचं वडिलांच्या भाषेत सांगतो. चादरीतला दोष बघून ते ओळखायचे, माल कुठल्या मागावरचा. ताणा ढिला असला की एक खूण, धोटा अडला की दुसरी. शास्त्रज्ञांनी हवेचं तेच केलं. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर १९५८ मध्ये कार्बन डायऑक्साइड मोजायला लागले, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर आहे. हा जादा माल कुठल्या मागावरचा? कोळशा-तेलातल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ हा जड प्रकार कमी असतो आणि कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार तर कधीच संपलेला असतो. हवेत नेमकी हीच खूण सापडते. सूर्यच जास्त तापला म्हणावं, तर वातावरणाचा वरचा थरही तापायला हवा होता. तो उलट गार होतोय.

त्यामुळंच २०२१ च्या अहवालात आयपीसीसीनं, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं, माणसामुळं पृथ्वी तापली यात शंका नाही, असं सरळ लिहून टाकलं. इतक्या देशांच्या शास्त्रज्ञांचं आणि सरकारांचं एका वाक्यावर एकमत! आमच्या गल्लीत बोअर कुठं मारायचं यावर होत नाही.

गंमत म्हणजे हेच विज्ञान आपल्या डोक्यावरून उडून गेलंय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचा कृत्रिम पावसाचा प्रयोग सोलापूर परिसरातच झाला, कारण आपण पर्जन्यछायेत. विमान ढगात शिरलं की अख्खी गल्ली माना वर करून बघायची. ढगाचं शास्त्र पटतं, तापमानाचं म्हटलं की "हे सगळं परदेशी लोकांचं" सुरू.

मग लोक म्हणतात, प्रत्येकानं एक झाड लावावं. लावा की. पण शहराशेजारी १३२० मेगावॅटचा कोळशावरचा वीज प्रकल्प उभा आहे, त्याला पाणी उजनी धरणाचं. तिथं किती वर्षं कोळसा जाळायचा आणि त्याची जागा कशानं भरायची, हे मी पंखा बंद करून ठरणार आहे का? ते सरकारनंच ठरवायचं. ओझोनचा थर वाचला तो, ओझोन खाणारे वायू थांबवायचं १९८७ च्या माँट्रियल कराराचं बंधन सरकारांनी पाळलं म्हणून. घरोघरी शपथा घेऊन वाचला नसता.

"आधी अमेरिकेनं करावं." बरोबर आहे. त्यांनी जास्त धूर सोडला, आपला माणशी वाटा आजही कमी. हे भांडण दिल्लीनं जोरात भांडावं. पण कारखान्याच्या पत्र्याला पांढरा रंग द्यायला अमेरिकेची परवानगी लागत नाही. अहमदाबादनं २०१३ मध्येच उष्णतेचा कृती आराखडा केला: आधी इशारा, दवाखाने तयार, वस्त्यांत पाणी. आपल्याकडंही कागद असेल, नाही म्हणत नाही. मला विचारायचंय ते वेगळं. दुपारी पत्र्याखाली माग चालवणाऱ्याला सुट्टीचा तास मिळतो का? घरातल्या पत्र्याखाली विड्या वळत बसलेल्या बाईला तो इशारा कोण देतं? आणि उजनी उणेमध्ये जाईपर्यंत पाण्याचा हिशोब का मांडला जात नाही? जिल्ह्यातल्या अकराही आमदारांच्या सभेत हे विचारा बघू. ऊस सोडून बोला म्हणावं.

मित्राला हे सगळं वाचायला पाठवलंय. त्याचा एकच मेसेज आला, "लई लांबडं लिहितोस बे."

असू दे. उद्या पाचव्या दिवशी नळाला पाणी यायचंय, चारला उठून मोटार लावायचीय. झोपतो आता, गच्ची गार झाली असली तर.