जारमधल्या पाण्याचं कोण बोलणार?

मुलगी नवव्या वर्षीच वयात आली की गावाकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आरोपी ठरलेले असतात: ब्रॉयलरला टोचलेले हार्मोन आणि म्हशीला पान्हा सुटावा म्हणून दिलेलं ऑक्सिटोसिन. मग तिचं चिकन बंद, दूध बंद. ब्रॉयलर झपाट्यानं वाढतो तो निवडून तयार केलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे, हार्मोनमुळे नाही. ऑक्सिटोसिन टोचणं क्रूर आणि बेकायदा आहेच, पण दुधातून आलेलं ऑक्सिटोसिन आपल्या पोटात पचून जातं. लवकर वयात येण्यामागे वाढलेलं वजन हे एक ठळक कारण आहे, आणि त्यावर बोलायलाच हवं.

जर्मनीत बसून हे वाचताना मला मात्र डिस्पेन्सरवर उलटा ठेवलेला निळसर जार आठवतो. टेम्पोत उन्हात तापणारे, वर्षानुवर्षं पुन्हा भरले जाणारे २० लिटरचे कडक जार बऱ्याचदा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे असतात. हे प्लास्टिक बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए या रसायनापासून बनतं. जार तापला, जुना झाला की बीपीए पाण्यात उतरतं आणि शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या ग्राहींना, म्हणजे पेशींत ते हार्मोन जिथे चिकटतं त्या जागांना, जाऊन चिकटतं. हार्मोन मुळातच अत्यल्प मात्रेत काम करतात, त्यामुळे ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणून हे सोडून देता येत नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा २० हजार पटींनी खाली आणली. आधार होता उंदरांच्या प्रतिकारशक्तीवरच्या परिणामांचा. जर्मनीच्याच जोखीम-मूल्यमापन संस्थेला हे पटलं नाही. तिची मर्यादा हजार पट सैल आहे. तरी डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय आयोगानं अन्नपाण्याला लागणाऱ्या वस्तूंत बीपीए वापरायला बंदी घातली. शास्त्रज्ञांचं भांडण मिटेपर्यंत लोकांनी थांबायचं नाही, ही भूमिका मला मनापासून पटते. इथलं सगळंच चोख नाही. दुकानाच्या पावतीच्या कागदातून बीपीए काढलं, तर कारखानदारांनी त्याचंच भावंड बीपीएस आणलं.

भारतात बाळाच्या दुधाच्या बाटलीत बीपीए चालत नाही. २०१५ च्या मानकातच तशी मनाई आहे. पण सर्वांत नाजूक काळ बाटलीच्याही आधीचा, पोटातला. तेव्हा आई जारचंच पाणी पिते. तिला ‘तांब्याच्या कळशीतलं पी’ असं सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, मराठवाड्यातल्या कित्येक शहरांत नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं. तिथे जार ही गरज आहे. म्हणून बाटलीचा नियम जारलाही लावा, आणि तोवर निदान प्रत्येक जारवर तो कशाचा आहे आणि कधी बनवला ते ठळक छापायला लावा.